अर्धं झालेलं काम थांबवायचं कधी?

जर्मन भाषेत रेल्वेच्या मोठ्या जंक्शनला 'क्नोटन' म्हणतात. क्नोटन म्हणजे गाठ. चार-पाच दिशांनी आलेले रूळ जिथे एकमेकांत गुंततात, ती गाठ. दक्षिण जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराची अशी एक गाठ सोडवून ती जमिनीखाली नव्याने बांधायचं काम २०१० पासून चालू आहे. प्रकल्पाचं नाव 'स्टुटगार्ट २१'. नोकरीसाठी मी या शहरात आलो तेव्हा ते चालू होतं, आजही चालू आहे.

अशी कामं फॉलो करणाऱ्यांची एक जमात असते, मी त्यातलाच. वेबकॅमवर खड्डा बघायचा. कुठल्या खांबाचं काँक्रीट ओतून झालं, कुठल्या बोगद्यात रूळ पडले, याचा हिशेब ठेवायचा. वर्षातून काही दिवस साइट लोकांसाठी खुली करतात, तेव्हा रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत हजारो लोक असतात. मोठं काहीतरी उभं राहताना बघायला माणसाला आवडतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण इतकी वर्षं काम चाललं की काँक्रीटपेक्षा दुसराच एक प्रश्न डोक्यात घोळू लागतो. एखाद्या कामाला लोकांनी एकदा मत देऊन 'होऊ द्या' म्हटलं आणि नंतर त्या कामाची किंमत दुप्पट झाली, तर ती संमती अजून चालू आहे असं म्हणायचं का? आणि काम अर्धं झाल्यावर 'नको' म्हणायचा हक्क कुणाकडे उरतो?

खड्ड्यात काय आहे

स्टुटगार्टचं जुनं स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं आहे. गाडी आत आली की रूळ संपतात. तिला पुढे म्युनिकला जायचं असलं तरी आल्या वाटेने उलटं बाहेर पडावं लागतं. नवं स्टेशन दादरसारखं आरपार असेल, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. वरचे १६ रूळ जाऊन खाली ८ रूळ येतील, तेही जुन्या दिशेला जवळजवळ काटकोनात. शहर वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलेलं असल्यामुळे भोवतालच्या डोंगरांतून मिळून सुमारे ६० किलोमीटरचे बोगदे खणावे लागले. रुळांनी अडवलेली सुमारे १०० हेक्टर जमीन शहराच्या मधोमध मोकळी होईल आणि तिथे वस्ती उभी राहील, हे या योजनेचं मोठं आकर्षण.

आर्किटेक्ट क्रिस्टोफ इंगेनहोफेन यांनी छताला २८ खांब दिलेत. खाली निमुळते, वर उमलत जाऊन स्वतःच छत होणारे. मधल्या गोल झरोक्यांतून दिवसाचा उजेड थेट फलाटावर उतरतो. खाली उभं राहून वर बघितलं की विरोधकही दोन मिनिटं गप्प होतात.

विरोधकांचे मुद्दे मात्र पोकळ नव्हते. १६ रुळांचं काम ८ रूळ कसं करणार? फलाटांना हजार मीटरला १५ मीटर इतका उतार आहे, नव्या स्टेशनांसाठीची नेहमीची मर्यादा अडीच मीटर आहे. काही बोगदे अशा खडकातून जातात, जो पाणी लागलं की फुगतो. शिवाय राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं तोडावी लागणार होती. म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमच्या छतासाठी ओळखले जाणारे फ्राय ओटो सुरुवातीला या स्टेशनच्या डिझाइनमध्ये होते. पुढे ते बाहेर पडले, आणि २०१० मध्ये त्यांनी सुरक्षेच्या कारणाने काम थांबवा असं जाहीरपणे सांगितलं.

लोकांनी काय म्हटलं

३० सप्टेंबर २०१० ला बागेत जमलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे मारले. त्यांत शाळकरी मुलंही होती. शंभरावर माणसं जखमी झाली. ही कारवाई बेकायदेशीर होती, असं कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं. त्या घटनेनंतर हाइनर गाइसलर या ज्येष्ठ नेत्याच्या मध्यस्थीने दोन्ही बाजू टेबलावर आल्या आणि ती चर्चा टीव्हीवर लाइव्ह दाखवली गेली. रुळांची रचना आणि गाड्यांचं वेळापत्रक यांवर तज्ज्ञ तासन् तास वाद घालतायत आणि लोक घरी बसून ते बघतायत, असं दृश्य रोज दिसत नाही.

२०११ च्या निवडणुकीत विनफ्रीड क्रेचमन राज्याचे मुख्यमंत्री झाले. ग्रीन पक्षाचे जर्मनीतले ते पहिलेच मुख्यमंत्री, आणि या प्रकल्पाचे विरोधक. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला राज्यभर सार्वमत झालं. प्रश्न असा होता की राज्य सरकारने या प्रकल्पाच्या आर्थिक करारातून बाहेर पडावं का. ५८.९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं, म्हणजे काम चालू राहू द्या. खुद्द स्टुटगार्ट शहरातही बहुमत त्याच बाजूचं होतं. स्वतःचं मत वेगळं असूनही क्रेचमन यांनी तो निकाल मानला. लोकशाहीत हरायचं कसं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

अडचण पुढेच आहे. मतदानाच्या वेळी खर्चाची कमाल मर्यादा म्हणून जो आकडा समोर होता, तो साधारण ४.५ अब्ज युरोंचा. जेमतेम वर्षभराने, डिसेंबर २०१२ मध्ये, ही मर्यादा बरीच ओलांडली जाणार हे रेल्वेने मान्य केलं. मार्च २०१३ मध्ये ६.५ अब्ज मंजूर झाले. २०१८ मध्ये आकडा ८.२ अब्जांवर गेला, २०२३ च्या अखेरीस ११ अब्जांच्या आसपास. उद्घाटन आधी २०१९ ला होणार होतं, मग २०२१ ला, मग २०२५ ला, मग डिसेंबर २०२६ ला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती तारीखही रद्द झाली.

आता ते ५८.९ टक्के कशाला दिलेले आहेत, असं समजायचं?

प्रत्येक पाऊल बरोबर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मित्र म्हणतो, मला हे करायचंच नाही. घरचे म्हणतात, तीन वर्षं गेली, आता डिग्री तरी घे. हा संवाद आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. अर्थशास्त्र सांगतं की गेलेली तीन वर्षं विसर, ती कुठल्याच मार्गाने परत येणार नाहीत. पुढे काय लागेल आणि पुढे काय मिळेल, एवढंच बघ.

गंमत अशी की हा शहाणा सल्लासुद्धा बहुतेक वेळा 'डिग्री पूर्ण कर' इथेच आणून सोडतो, कारण उरलंय एकच वर्ष. स्टुटगार्टमध्ये २०१३ मध्ये तेच झालं. थांबवायचं तर करार मोडण्याचा, खड्डा बुजवण्याचा, जुनं स्टेशन दुरुस्त करण्याचा खर्च होता. तो बघता पुढे जाणं हेच फायद्याचं ठरलं. २०१८ मध्ये हिशेब केला तेव्हा पुढे जाणं आणखी फायद्याचं होतं, कारण मधल्या काळात आणखी बरंच बांधून झालं होतं. त्याच वर्षी जर्मन रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख रिशार्ड लुत्स यांनी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की आज जे माहीत आहे ते आधी माहीत असतं, तर हा प्रकल्प हाती घेतला नसता.

म्हणजे प्रत्येक पाऊल तर्काने बरोबर, आणि सगळी पावलं मिळून अशा जागी पोचली जिथे मुळात कुणी जायचं ठरवलं नसतं. मग जबाबदार कोण? प्रत्येक टप्प्यावरचा माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो की माझ्या वेळी हाच पर्याय योग्य होता. वाढीव खर्च रेल्वेने सोसावा, राज्याने आणि शहराने नाही, असा निकाल कोर्टाने २०२४ मध्ये दिला. पैशांचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. पण रेल्वे सरकारच्याच मालकीची आहे, त्यामुळे ते पैसे अखेर त्याच लोकांच्या खिशातून जाणार.

पोट उघडल्यावरची सही

हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनआधी नातेवाइकांची सही घेतात. कधी पोट उघडल्यावर डॉक्टरांना भलतंच काही दिसतं. ते बाहेर येतात, सांगतात की असं-असं आहे, जास्त काढावं लागेल. त्या क्षणी 'नको, तसंच शिवा' असं म्हणणं जवळजवळ अशक्य असतं. तरीही डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात. या विचारण्याला अर्थ आहे. तुम्ही दिलेली संमती एका मर्यादेपुरती होती, हे ते त्यातून मान्य करतात.

स्टुटगार्टमध्ये बाहेर येऊन पुन्हा कुणी विचारलं नाही. 'लोकांनी ठरवलंय' हे वाक्य मात्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जर्मनीच्या केंद्रीय लेखापरीक्षकांनी २००८ मध्येच खर्च ५.३ अब्जांच्या वर जाईल असा इशारा दिला होता. तो जाहीर होता. मग मतदारांना फसवलं असं कसं म्हणता येईल? मुद्दा बरोबर आहे. मतदारालाही वाचायची जबाबदारी असते. पण ज्याच्या हातात नकाशे, कंत्राटं आणि भूगर्भाचे अहवाल असतात, त्याची जबाबदारी आणि पेपर वाचून मत देणाऱ्याची जबाबदारी एका तराजूत घालता येत नाही. डॉक्टरला आजाराचा पल्ला माहीत असेल आणि त्याने त्यातला सर्वांत सौम्य आकडाच सांगितला, तर दुसरं मत घेण्याचा रस्ता खुला होता म्हणून तो सुटत नाही.

दुसरा आक्षेप त्याहून अवघड आहे. खरा खर्च आधी सांगितला, तर जगात काही मोठं उभंच राहणार नाही. आल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९६७ मध्ये हा विचार मांडला. पुढच्या अडचणी आपल्याला दिसत नाहीत हे बरंच असतं, त्यामुळे आपण सुरुवात करतो आणि मग अडचणीत सापडल्यावर कल्पकतेने मार्ग काढतो. मला हा विचार आवडतो. आयुष्यातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी आपण अशाच अज्ञानात सुरू करतो. पण तो अज्ञानाबद्दल आहे. ज्याला अडचण माहीत नव्हती त्याला तो लागू पडतो. माहीत असून ती न सांगणाऱ्याने त्याच्या आड लपू नये.

पन्नास वर्षांनी

समजा, २०७५ साल आहे. एक मुलगी त्या उमललेल्या खांबांखाली गाडीची वाट बघतेय. तिच्यासाठी हे फक्त स्टेशन आहे, उजेडाचं, सुंदर. ४.५ आणि ११ या आकड्यांमधला फरक तिला सांगितला तर ती खांदे उडवेल. जुनं स्टेशनही १९१४ ते १९२८ एवढा काळ, मध्ये महायुद्ध घेऊन, बांधलं गेलं होतं. आज त्या मूळ खर्चाबद्दल कोण बोलतं?

अनेक समर्थक इथे येऊन थांबतात. शेवट चांगला झाला की सगळं माफ. मला ते पटत नाही. त्या मुलीचं सुख खरं आहे आणि मला ते हवंय, म्हणून तर मी वेबकॅम बघतो. पण तिच्या सुखाने २०११ मध्ये मत दिलेल्या माणसाचं देणं फिटत नाही. तिला मिळालेली भेट आणि त्याच्याकडून घेतलेली संमती या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीची जमा दुसरीच्या खात्यावर टाकता येत नाही.

तत्त्वज्ञ हेगेल याच शहरात १७७० मध्ये जन्मला. चुकण्याच्या भीतीविषयीचं त्याचं एक वाक्य जुन्या स्टेशनच्या भिंतीवर दिव्यांच्या अक्षरांत लावलेलं होतं. प्रकल्पाचे समर्थक म्हणू शकतात की चुकायला घाबरलं तर काहीच होणार नाही. कबूल. चुकायची मुभा हवीच. ज्यांच्या नावाने चुकायचं, त्यांना किती चुकू शकतं हे आधी सांगणं, एवढंच मागणं आहे.

शेवटचे दहा टक्के

सध्या काम जिथे अडलंय ती जागा माझ्या धंद्यातली आहे. काँक्रीट आणि बोगदे बऱ्याच अंशी झाले. या जंक्शनमधली गाड्यांची वाहतूक पूर्णपणे डिजिटल यंत्रणेवर चालवायची आहे, एवढ्या मोठ्या गाठीसाठी जर्मनीत हे पहिल्यांदाच होतंय. रुळांकडेला नेहमीचे सिग्नल नसतील, ड्रायव्हरला आदेश केबिनमधल्या स्क्रीनवर मिळेल. ही यंत्रणा वेळेत तयार न होणं, हे तारीख पुन्हा हुकण्याचं मोठं कारण आहे.

'नव्वद टक्के झालंय' या वाक्याचा अर्थ सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळा सांगायला नको. आमच्याकडे अंदाज विचारतात तेव्हा मॅनेजरला एक आकडा हवा असतो. खरं उत्तर असतं 'तीन ते नऊ आठवडे'. एक आकडा दिला की स्लाइडवर छान दिसतो, आणि तोच पुढे वचन बनतो. पल्ला सांगितला की समोरच्याचा चेहरा पडतो, पण निर्णय त्याचा स्वतःचा राहतो. यातली नीती मला इतकीच साधी वाटते. अंदाज चुकला तर ती चूक असते. पल्ला माहीत असताना एकच आकडा देणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने गुपचूप निर्णय घेणं असतं.

म्हणून मोठ्या कामाबाबत दोन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात असं मला वाटतं. एक, कुठल्या आकड्यापलीकडे लोकांना पुन्हा विचारलं जाईल. दोन, कुठल्या टप्प्यानंतर मागे फिरणं परवडणार नाही. हा दुसरा टप्पा येण्याआधी तो जाहीर व्हावा, ओलांडून झाल्यावर नाही. तिथे थांबून विचारलं असतं, तर कदाचित लोक पुन्हा 'होऊ द्या' म्हणाले असते. मग निदान ते स्टेशन त्यांचं झालं असतं.

शाळेत प्रगतीपुस्तक मिळायचं तेव्हा त्यात एकाच विषयाचे मार्क नसायचे. बांधकामाच्या प्रगतीत मात्र आपण एकच विषय तपासतो: किती टक्के झालं. तुमच्या गावात पूल, मेट्रो, स्टेशन, जे काही उभं राहत असेल, त्याचे फोटो जरूर बघा, मीही बघत राहणार आहे. फक्त त्या टक्क्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: आपण 'हो' म्हटलं तेव्हा आपल्याला काय सांगितलं होतं?