बाप्तिस्मा कितीदा घ्यायचा?

सोनईहून घोडेगावच्या रस्त्याला लागलं की हल्ली प्रार्थनासभांचे फलक दिसतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो: आम्ही कोणत्याही पंथाचे नाही, आमच्याकडे फक्त येशू. या वाक्याला कोण नाही म्हणेल? पण चार रविवार सभेला गेलेल्या माणसाला पुढे सांगितलं जातं की तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, डोक्यावर थेंब पडून काही होत नाही, तुला बुडून पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. मग मुळेच्या पाटात किंवा एखाद्या विहिरीवर तो विधी होतो. पास्टर एक हात पाठीला देतो, दुसऱ्याने नाक धरतो, माणूस उताणा पाण्याखाली जातो आणि वर येतो. एवढ्यात त्याच्या आजीचा, आईचा आणि ज्यांनी त्याचं लग्न लावलं त्या पाळकांचाही बाप्तिस्मा खोटा ठरलेला असतो. इतकं ठरवणाऱ्या मंडळीने स्वतःला पंथ म्हणवून घ्यायचं नाकारू नये.

ख्रिस्ती धर्म फुटला कसा, हे शाळेच्या पुस्तकातलं आपल्याला ठाऊक आहे. 1054 साली पूर्व आणि पश्चिम वेगळी झाली, 1517 नंतर ल्यूथर, कॅल्विन आणि आठवा हेन्री यांनी आपापल्या वाटा धरल्या. केरळात पोर्तुगीज यायच्या आधीपासून सिरियन रीतीची उपासना चालत होती. त्यात अडकायचं कारण नाही. नगर जिल्ह्यात मिशनरी ती ओझी घेऊन आले खरे, पण इथली फूट त्या ओझ्यांमुळे पडली नाही.

पंथ नसल्याचा दावाही इथे जुनाच आहे. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाचं होतं, त्या बोर्डामागे एकाहून अधिक पंथांचे लोक होते. आम्ही पंथ रुजवायला आलो नाही, ख्रिस्त सांगायला आलो, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात मंडळ्या त्यांच्या वळणाच्याच झाल्या: बिशप नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र, पाळक तिने निवडायचा आणि पोसायचा. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक 1854 साली नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले, ही महाराष्ट्रातली मोठी घटना होती. मिशनांनी आपसात मुलूखही वाटून घेतला होता. जालना स्कॉटिश मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, नगर अमेरिकनांकडे. सोनईच्या आसपासची गावं वडाळ्याच्या मिशनच्या वाट्याची, जिथे सॅम्युअल फेअरबँक यांनी उमेदीची वर्षं घालवली. म्हणजे माणूस कोणत्या पंथाचा होणार, हे तो कुठे जन्मला यावरून ठरत होतं.

ही मांडणी 1870 च्या दशकात मोडली. आधी इंग्लंडच्या चर्चची एस.पी.जी. ही संस्था नगरमध्ये आली, मागोमाग जेझुइट फादर राहुरी तालुक्यात केंदळ-वळणकडे आले. 1876 ते 78 चा दुष्काळ याच काळातला. आणि गावंच्या गावं एका मिशनकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली.

या घटनेचे दोन अर्थ लावले जातात आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. अमेरिकन मिशनरींची तक्रार होती की आमची मेंढरं चोरली. धर्मांतराचे आजचे विरोधक म्हणतात, धान्यासाठी धर्म घेतला, ज्याने जास्त दिलं त्याच्या मागे गेले. दोघांनाही गावकुसाबाहेरचा माणूस स्वतः विचार करून काही ठरवील, हे मान्य नाही. एकाला तो कळपातला प्राणी वाटतो, दुसऱ्याला भुकेने विकला गेलेला.

त्या माणसाला काय हवं होतं ते बघा. गावच्या शाळेत त्याच्या पोराला बसू देत नव्हते, म्हणून त्याला आपल्या वाड्यात, म्हणजे महारवाड्यात किंवा मांगवाड्यात, मास्तर हवा होता. मास्तर आला की पोरं अक्षरं गिरवत, रात्री मोठ्यांसाठी वाचन होई, कोर्टकचेरीचा कागद आला तर तो वाचून सांगणारं कोणीतरी असे. मिशनकडचा पैसा आटला की मास्तर उठे आणि शाळा बंद पडे. अमेरिकन मिशन बाप्तिस्म्याआधी माणसाला फार काळ पारखत असे, शिवाय गरीब मंडळीनेच पाळक पोसावा हा त्यांचा आग्रह. तत्त्व म्हणून तो उत्तम, पण ज्याच्या घरात बलुत्याच्या भाकरीखेरीज काही नाही त्याने तो पाळायचा कसा? अशा वाड्याने दुसऱ्या मिशनला बोलावलं, त्यांनी मास्तर दिला, म्हणून वाडा तिकडे गेला. एका वाड्याने एक मिशन धरलं म्हणून दुसऱ्याने दुसरं धरावं, असंही घडे. जात बाप्तिस्म्याने धुतली गेली नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कुठे उभं राहायचं हेसुद्धा दुसऱ्याने सांगितलं, त्याने इथे पहिल्यांदा आपल्यासाठी काही निवडलं. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. कोणत्या मिशनकडे जायचं ते लोकांनी ठरवलं. एकमेकांना खोटं ठरवण्याची भाषा मात्र मिशनांची होती.

ती भाषा ज्याला सर्वांत आधी नकोशी झाली तो माणूस नगरचाच म्हणायला हवा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार ओसरला. फलक लावणाऱ्यांनी टिळकांचं नाव जरूर घ्यावं, पण टिळक दुसरा बाप्तिस्मा मागत नव्हते, पहिल्याचीही सक्ती करत नव्हते.

पुढे 1924 साली अमेरिकन मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्चमध्ये गेल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. नगरमध्ये शंभर वर्षं एकमेकांकडे पाठ करून बसलेले अमेरिकन आणि एस.पी.जी.वाले एका बिशपाखाली आले. त्या वाटाघाटींतला अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचाच होता, कारण बाप्टिस्टही त्यात होते. बालकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य, असं ठरलं. कॅथलिक चर्चही पाण्याने आणि त्रिएकाच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा दुसऱ्या पंथाचा असला तरी मानतं. म्हणून आज सीएनआयच्या घरातली मुलगी कॅथलिक घरात पडली तर तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. हरिगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला तर कोण कुठल्या चर्चचा हे कुणी विचारतही नाही.

सोनई, वडाळा, घोडेगाव भागातले पाळक, फादर आणि नव्या सभांचे पास्टर यांनी एकदा एकत्र बसावं. उपासना ज्याची त्याने आपल्या रीतीने करावी, गाणी, टाळ्या, मिस्सा, प्रभुभोजन, कशालाच हात लावू नये. एवढंच लेखी ठरवावं की यापुढे कोणी कोणाचा झालेला बाप्तिस्मा रद्द धरणार नाही. पहिली सही फलक लावणाऱ्यांनी करावी.