मारका बैल आणि शाळेची गाडी



निर्गमच्या पुस्तकाचा विसावा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण त्यात दहा आज्ञा आहेत. एकविसावा मात्र सहसा कुणी वाचत नाही. त्यात गुलाम, बैल, उघडे ठेवलेले खड्डे अशा गावगाड्यातल्या गोष्टी येतात. त्यातला एक नियम असा: एखाद्याच्या बैलाने शिंग खुपसून माणसाला ठार केले, तर बैलाला धोंडमार करावी, मालक निर्दोष. परंतु तो बैल आधीपासूनच मारका असेल, मालकाला तशी सूचना दिलेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालकही दोषी. बैल तोच, शिंगे तीच, मरणही तेच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी मालकाला सांगितलेले होते.

अपघात कुठे संपतो आणि अपराध कुठे सुरू होतो, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. आज तो आम्ही गोठ्यातून काढून रस्त्यावर आणू इच्छितो, कारण आपली मुले आता बैलांच्या नव्हे तर गाड्यांच्या स्वाधीन असतात.

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बॅथर्स्ट नावाचे लहान शहर आहे. 12 जानेवारी 2008 रोजी मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या हायस्कूलचा बास्केटबॉल संघ मॉन्क्टनहून सामना खेळून परतत होता. गाडी 15 आसनी व्हॅन, आत बारा जण, आणि चालवायला संघाचे प्रशिक्षकच. रस्ता बर्फाने निसरडा झाला होता. गाव अगदी जवळ आले असताना व्हॅनवरचा ताबा सुटला आणि ती समोरून येणाऱ्या मोठ्या ट्रकपुढे गेली. संघातली सात मुले आणि प्रशिक्षकांची पत्नी, असे आठ जण गेले. तपासात आढळले की टायर झिजलेले होते, ब्रेकमध्ये दोष होता, गाडी गंजलेली होती. 2009 साली मृत्यूंची जाहीर चौकशी झाली. दोन आयांनी आपले दुःख बाजूला ठेवून अशा व्हॅन शाळांसाठी बंद व्हाव्यात म्हणून लढा दिला. त्या प्रांताने शाळांसाठी त्या बंद केल्या.

त्या प्रशिक्षकांना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांनी त्या रात्री स्वतःची पत्नी गमावली. पण प्रश्न उरतोच: या बैलाविषयी कुणी सूचना दिली होती का?

दिली होती. शेजारच्या अमेरिकेत महामार्ग सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याने एप्रिल 2001 मध्ये 15 आसनी व्हॅनविषयी जाहीर इशारा दिला होता आणि पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा दिला. आत दहा किंवा अधिक माणसे असली, की एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असतानाच्या जवळजवळ तिप्पट होते, असे त्यांच्या अभ्यासात दिसले होते. कारण समजायला कठीण नाही. या व्हॅनची मूळ बांधणी मालवाहू गाडीची. ती लांबवून आसने बसवली, त्यामुळे मागच्या चाकांच्या पलीकडे बराच भाग लोंबता राहतो. आपल्या शेतकरी वाडवडिलांना हे एका शब्दात कळले असते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले आणि जू वर उचलले जाऊ लागले, की ते म्हणत, गाडी उलाळ झाली. ही व्हॅन माणसे भरली की उलाळ होते. भार मागे सरकतो, वरही चढतो, आणि वेगात चाक एकदम वळवले की ती चालकाचे ऐकत नाही. म्हणून खात्याचा सल्ला साधा होता: चालक अनुभवी असावा, टायरची हवा नियमित तपासावी, टपावर सामान नको, प्रत्येकाने पट्टा लावावा. (पुढे 2012 च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली. पण जुन्या गाड्या एका दिवसात रस्त्यावरून जात नाहीत.)

आता कायद्याची गंमत पाहा. दहापेक्षा जास्त माणसे नेणारी नवी गाडी शाळकरी मुलांच्या ने-आणीसाठी विकायची असेल, तर ती स्कूल बसच्या कसोटीला उतरली पाहिजे, असा अमेरिकेचा केंद्रीय कायदा 1970 च्या दशकापासून आहे. परंतु तो बांधत होता विकणाऱ्याला. 2005 साली नवी व्हॅन घेणाऱ्या शाळेलाही त्यात आणले गेले. तरी वापरलेली जुनी व्हॅन त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. कॉलेजही बाहेर राहिले. जणू सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन उलटणारी गाडी अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन उलटत नाही! चर्चच्या गाड्याही बाहेर, आणि अशा व्हॅन वापरण्यात तिथे चर्चचे गट मागे नाहीत, हे आपल्याला वाचायला बरे वाटणार नाही.

'कायद्यात बसते' एवढ्यावर माणूस निर्दोष ठरतो का? संत थॉमस अक्वायनस यांनी अपघाती हत्येचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. माणूस वाईट कृत्य करत असताना कुणाचा जीव गेला तर तो दोषी, हे उघड आहे. पण ते पुढे म्हणतात की काम चांगले असले, तरी योग्य ती काळजी न घेता ते केले तर दोष सुटत नाही. मुलांना सामन्याला नेणे चांगले काम, सहलीला नेणे चांगले, शाळेत पोहोचवणे तर त्याहून चांगले. काम चांगले आहे, हे काळजी न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि अज्ञानाचे काय? संत थॉमस सांगतात, एक अज्ञान असेही असते, जे माणूस स्वतःच जपून ठेवतो. कारण विचारले तर कळेल, आणि कळले तर काहीतरी करावे लागेल. अशा अज्ञानाने दोष धुतला जात नाही.

कुणी अकाली गेले की आपल्याकडे 'देवाची इच्छा' म्हणतात. शोकात बुडालेल्या आईने ते म्हटले तर ती तिची श्रद्धा आहे, तिच्यापुढे आम्ही मान लववतो. पण ज्याच्या हाती टायर बदलणे होते त्याने तेच शब्द उच्चारले, तर ते देवाचे नाव व्यर्थ घेणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोशेच्या काळी एका बैलाला एक मालक होता. आजच्या गाडीला मालक किती? बनवणारा, विकणारा, चालवणारा, शाळा, आणि पैसे मोजणारे पालक. प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक असते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. आपल्या राज्यात 2011 साली स्कूल बससाठी नियम झाले, त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात. आपल्या मुलांच्या शाळेतली ती समिती शेवटची कधी बसली, हे किती पालकांनी विचारले? व्हॅनमध्ये गॅसच्या टाकीवर फळी टाकून केलेली जादा सीट आपण रोज सकाळी पाहतो. दप्तरे बाहेर लटकलेली असतात. पाहतो म्हणजे सूचना मिळालेली आहेच.

यावर एक उत्तर आम्हाला मिळते, आणि ते खोटे नाही: 'फादर, नियमाने चालायचे तर व्हॅनवाला दुप्पट पैसे मागेल. मग पोरगा मोटरसायकलवर तिघांत बसून जाईल.' पहाटेची लोकल गाठून फुले-भाजी विकणाऱ्या बाईला हे हिशेब आमच्याहून चांगले कळतात. नियम लिहिणारे लोक अनेकदा स्वतःच्या गाडीतून फिरतात, हेही खरे. परंतु सुरक्षिततेला पैसे लागतात म्हणून ते पैसे मुलाच्या जिवातून वळते करायचे, हा हिशेब कुणालाच मान्य नसेल. ते पैसे गरिबाने एकट्याने भरावेत हेही आम्हाला मान्य नाही. अनुवादच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करायला सांगितले आहे, म्हणजे कुणी पडून घरावर रक्ताचा दोष येणार नाही. धर्मग्राम हेही एक घर आहे आणि त्याच्या कठड्याचा खर्च घरातल्या सर्वांचा.

मे महिन्यात धर्मशिक्षण वर्गाची सहल आहे. जितकी आसने तितकीच मुले, आणि टपावर काही बांधायचे नाही, असे ठरवल्यामुळे एक गाडी जादा घ्यावी लागेल आणि वर्गणी वाढेल. ज्या घराला ती जड जाईल त्यांनी मिस्सानंतर आम्हाला येऊन सांगावे, नाव कुठल्याही यादीत येणार नाही. ज्यांना अधिक देणे शक्य आहे त्यांनी पाकीट कार्यालयात द्यावे. गाडी ठरवण्यापूर्वी तिचे पासिंग, विमा, चालकाचे लायसन्स आणि टायर पाहायला दोन जाणकार पालक हवे आहेत. आपल्या धर्मग्रामात गाड्यांचे काम करणारे बरेच जण आहेत. त्यांनी येत्या रविवारपर्यंत नावे द्यावीत.