‘असू दे’चा रकाना

आमच्या वाचनालयात संगणक येतोय, म्हणून कार्डांवरच्या नोंदी तपासणं चाललंय. प्रणालीचं नाव ‘कोहा’. २००० साली ती न्यूझीलंडमधल्या वाचनालयात प्रथम सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट मिळते म्हटल्यावर आमच्या कमिटीला नावही आवडलं!

गाडी अडली एका कार्डापाशी. सभासद वारले, पुस्तक घरीच राहिलं. त्यांच्या पत्नी अजून ते उशाशी ठेवतात. ग्रंथपालबाईंनी कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘असू दे’.

संगणकाला ‘असू दे’ कसं कळावं? त्याला ‘थकीत’ तरी हवं, नाहीतर ‘हरवले’. नोंद दोन्हीकडून बरोबर आणि दोन्हीकडून खोटी! हिशेब चोख ठेवावा, हे खरंच. पण क्षमा कुठल्या रकान्यात मांडायची?

बाई म्हणाल्या, “भेट दिलं, असं लिहा. आणि किंमत माझ्या पगारातून कापा.”