भाकर कोणी भाजली?



नोकरीधंद्यानिमित्त फरीदाबादेत येऊन राहिलेली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे वर्षातून एकदा, जानेवारीच्या थंडीत, एका घराच्या गच्चीवर एकत्र जमतो. उपासना होते आणि मग ‘गावाकडचे जेवण’ होते. हरियाणात ज्वारी सहजासहजी मिळत नाही. पण बाजरी हे या मातीचेच धान्य, त्यामुळे भाकरीची अडचण पडत नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सुचविले, की गॅसवरच्या भाकरीला चुलीची चव नाही. झाले! गच्चीवर विटा मांडून चूल पेटविण्यात आली. बाजरीची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा आणि लोण्याचा गोळा. चाळीस माणसे जेवली. लोक डोळे मिटून घास घेत होते. कोणाला आई आठवली, कोणाला शेतातली वस्ती आठवली.

जेवणापूर्वी मी प्रार्थना केली होती आणि साध्या आनंदांविषयी चार शब्दही बोललो होतो. घरी परतल्यावर पत्नी हातावर बर्नॉल लावीत होती. ती शांतपणे म्हणाली, “अहो, प्रार्थनेत तुम्ही पावसाचे आभार मानलेत, शेतकऱ्याचेही मानलेत. भाकरी काय आपोआप भाजली?”

मी निरुत्तर झालो. सव्वाशे भाकऱ्या चार बायकांनी थापल्या होत्या. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या शेवटी जेवायला बसल्या तेव्हा पिठले संपले होते, आणि त्यांनी ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली होती. हे सर्व माझ्यासमोर घडले होते. मी ते पाहिले नव्हते, इतकेच. त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. ज्या सुखाला आपण ‘साधे’ म्हणतो, ते कोणासाठी साधे असते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अन्नाचा आनंद हा पापाचा विषय नाही. देहाची प्रत्येक रुची संशयास्पद मानणारी एक विचारसरणी मंडळीच्या इतिहासात पुनःपुन्हा डोके वर काढीत आली आहे; परंतु शास्त्राचा तिला आधार नाही. मनुष्याने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमात सुख मानावे ही देवाची देणगी आहे, असे उपदेशक सांगतो. काही पदार्थ वर्ज्य करा म्हणणाऱ्यांना तीमथ्याच्या पहिल्या पत्राने स्पष्ट विरोध केला आहे. आपल्या प्रभूवर तर त्याच्या विरोधकांनी खादाडपणाचा आरोप केला. रुक्ष, विरक्त माणसावर असा आरोप कोणी करील काय? तेव्हा भाकरीवर लोणी वितळताना पाहून ज्याचे मन उल्हसित होते, त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. प्रश्न आनंदाचा नाही. आनंदाच्या आंधळेपणाचा आहे.

हा आंधळेपणा कसा निर्माण होतो हे मी माझ्या स्वतःच्या आठवणींत पाहिले. माझे बालपण नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका खेड्यात गेले. गावात गिरणी आली होती. तरी आजी पुष्कळदा पहाटे जात्यावर बसे. गोधडीत गुरफटून मी त्या घरघरीत पुन्हा झोपी जाई. माझ्या दृष्टीने जगात त्यापेक्षा सुरक्षित आवाज नव्हता. आज वयाच्या पन्नाशीनंतर मला जाणवते, की तो आवाज मी अंथरुणातून ऐकला होता. खुंटा माझ्या हातात कधीच नव्हता.

भाषांतराच्या कामात मूळ इब्री शास्त्रलेखांशी रोजचा संबंध येतो, आणि तेथे एक गोष्ट ध्यानात येते. पवित्र शास्त्र जात्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकते. यिर्मया आणि प्रकटीकरण या पुस्तकांत जात्याचा आवाज बंद पडणे हे नगर उजाड झाल्याचे लक्षण आहे. जाते फिरते आहे, तोवर घर जिवंत आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण असे करणे म्हणजे जीवच गहाण घेणे होय. ही झाली एक बाजू. परंतु निर्गमात मिसर देशाच्या समाजाची दोन टोके दाखवायची असतात, तेव्हा सिंहासनावरचा फारो एका टोकाला आणि जात्यामागे बसलेली दासी दुसऱ्या टोकाला दिसते. यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात बाबेलच्या गर्विष्ठ कन्येला शिक्षा म्हणून दळायला बसविले जाते. पलिष्ट्यांनी शमशोनाला बंदिवासात दळायला लावले, तेही त्याच्या मानहानीसाठीच. विचार करा, शमशोनाच्या बाबतीत जी मानहानी, तीच आमच्या आजीच्या बाबतीत ‘गोड आठवण’ कशी झाली?

जात्यामागे बसलेल्या स्त्रीला स्वतःला काय वाटत होते, हे जाणण्याचे एक मोठे साधन महाराष्ट्रात उपलब्ध आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या १,००,००० हून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची माया आहे, लेकरांचे कौतुक आहे, देवाचा धावा आहे. त्याचबरोबर सासरचा जाच आहे, थकवा आहे आणि बाईच्या जन्माविषयीचे दुःखही आहे. त्या स्त्रिया सुखी होत्या की दुःखी, असा प्रश्न त्या ओव्यांना विचारणे व्यर्थ आहे. त्या दोन्ही होत्या. आणि आपले मन मोकळे करायला त्यांच्याजवळ हक्काचा श्रोता पुष्कळदा तो दगडच होता. त्या वेळी घरातले इतर आमच्यासारखे झोपलेले होते.

शिवाय ज्या साधेपणाचे आपण कौतुक करतो, तो साधेपणा त्या पिढीने निवडलेला नव्हता. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आई सांगे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन लोकांनी दिवस काढले. खडी फोडायला गेलेल्या मजुरांना सुकडी मिळे. अंबाडीची भाजी आणि कण्या हे आज आपल्याला रुचिपालट म्हणून आवडतात. त्यांना तेवढेच मिळत होते. कशाला पर्याय नसणे आणि अनेक पर्यायांतून साधे निवडणे, या दोहोंची चव एक नसते.

हे केवळ गतकाळापुरते नाही. फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर. १६०७ साली शेख फरीदने वसविलेल्या जुन्या गावाशेजारी, फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी नवे औद्योगिक नगर उभे राहिले, आणि पुढे कामगारांचे लोंढे येत राहिले. तरी बल्लभगढ ओलांडून यमुनेच्या दिशेने गेले, की शेते आणि गोवऱ्यांचे रचलेले ढीग दिसू लागतात. अशाच एका खेड्यात एका सहकाऱ्याच्या घरी मी जेवलो आहे. शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेवर दिवसभर तापत ठेवलेले लालसर दूध, मोहरीच्या पानांची भाजी, बाजरीची रोटी आणि पेल्यात ताक. असे अन्न शहरात पैसे टाकून मिळत नाही. मात्र ज्या वहिनींनी ते रांधले, त्या घुंघट ओढून चुलीजवळच राहिल्या. त्यांचा आवाजही मी ऐकला नाही. मी आभार मानले ते त्यांच्या यजमानांचे.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या पाहणीनुसार, घरातील विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि असे काम करणारे पुरुष मुळात थोडेच होते. हा हिशेब मी कोणाला लाजविण्यासाठी मांडीत नाही. माझ्या घरचा हिशेब मांडला, तर तोही याहून फारसा वेगळा निघणार नाही.

येथे काही भगिनीच मला अडवतील. “आम्ही हे प्रीतीने करतो. घरच्यांना पोटभर जेवताना पाहण्यात आमचा आनंद आहे. त्याला कष्टाचा बाजार का बनवता?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माझी आई हेच म्हणाली असती, आणि ते खोटे नसते. प्रीतीने केलेले काम मजुरीने मोजता येत नाही. पण प्रीतीने दिलेल्या गोष्टीची दखल न घेणे अधिक मोठा अपराध नव्हे काय? मजुरी बुडविली तर ऋण राहते. प्रीती गृहीत धरली तर माणूसच दिसेनासा होतो. मार्थेची तक्रार नीट वाचा. काम फार आहे, एवढेच तिचे म्हणणे नाही. आपल्याला एकटीला टाकले आहे, हे तिचे दुःख आहे. प्रभूने तिच्या चिंतेवर बोट ठेवले, तिच्या स्वयंपाकाला कमी लेखले नाही. मात्र आपण पुरुष तो उतारा वाचून मरीयेची स्तुती करतो आणि मार्थेने वाढलेल्या पानावर जाऊन बसतो!

केडगावच्या मुक्तिसदनात ही फाळणी काहीशी मोडली गेली होती, असे मला नेहमी वाटते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले शास्त्राचे मराठी भाषांतर, १९२२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. तेथील छापखान्यात आश्रमातील स्त्रियाच काम करीत होत्या. ज्या हातांना रांधण्याची सवय होती, त्याच हातांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळविले.

आपल्या मराठी शास्त्रात ‘भाकर’ हा शब्द आला, ही मी मोठी कृपा समजतो. पोळी हे गरिबाच्या घरी सणाचे अन्न होते. रोजचे अन्न भाकरच. ‘रोजची भाकर’ मागताना आपण नेमके काय मागतो? १५२९ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या लहान प्रश्नोत्तरीत या विनंतीचा अर्थ सांगताना अन्नवस्त्राबरोबर घरातील माणसे आणि चांगले शेजारीही त्या भाकरीत धरले. हे मला फार खरे वाटते. देव भाकर देतो, पण आकाशातून नव्हे. रानातला मान्ना हा अपवाद होता. एरवी ती पेरणाऱ्याच्या, दळणाऱ्याच्या आणि भाजणाऱ्याच्या हातून येते. त्या हातांना वगळून केलेली उपकारस्तुती अपुरी राहते.

आणि हे आपण ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गावाच्या पंक्तीत जागा नव्हती. त्यांना दुरून वाढले जाई, सर्वांच्या मागून आणि उरलेसुरले. ख्रिस्ताच्या मेजावर सर्वांबरोबर बसायला मिळणे, ही त्यांच्यासाठी केवढी सुवार्ता होती! करिंथ येथील मंडळीत काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि काही उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना खडसावले, की हे प्रभूचे भोजन नव्हेच. ज्यांना पंक्तीबाहेर बसण्याचे दुःख ठाऊक आहे, त्यांनीच आपल्या घरात एक शेवटची पंक्ती निर्माण करावी काय?

योहानाच्या शेवटच्या अध्यायातील पहाट मला अलीकडे वारंवार आठवते. शिष्य रात्रभर राबून रिकाम्या हातांनी किनाऱ्याकडे येत आहेत. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे आणि भाकर आहे. तेथे वापरलेला ग्रीक शब्द ‘अँथ्राकिया’ नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: जेथे शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला नाकारले तेथे, आणि येथे. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला जिंकण्यासाठी काय केले? न्याहारी रांधली. ज्याला सर्व अधिकार दिला गेला होता, तो विस्तवापाशी होता, आणि दमलेल्यांना जेवायला बोलावीत होता.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा गच्चीवर जमलो. या वेळी पीठ मळायला पुरुष बसले. माझ्या भाकरीचे वर्णन न केलेलेच बरे. पहिली तव्यावर तुटली, दुसरी एका अंगाने करपली. भगिनी मात्र पहिल्या पंक्तीला होत्या आणि मोठ्याने हसत होत्या. पत्नीने माझी करपलेली भाकरी मोडून घेतली, पिठल्याबरोबर सावकाश खाल्ली आणि म्हणाली, “गरम भाकरी खाऊन फार वर्षे झाली.”

पंचवीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हते.

वाचकहो, आज रात्री ताटावर मस्तक लववाल, तेव्हा देवाचे आभार अवश्य माना. मग डोळे उघडा, आणि ती भाकर भाजणारी व्यक्ती कोठे आहे ते पाहा. ती अजून उभी असेल, तर प्रार्थना पूर्ण झालेली नाही.