आधी नाव, मग ठसा

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. कार्ड पोचलं होतं, आतला हलवाही फुटला नव्हता. कौतुक करून झाल्यावर तो म्हणाला, "पण मला एक सांग, हे तू केलंस म्हणजे नक्की काय केलंस? पतंग साच्याने कापलेला, अक्षरं शिक्क्याची, सुगडाचं चित्रही शिक्क्याचंच. मग यात तुझं असं काय?" दादा सोलापूरला असतो. सत्तरी ओलांडली आहे त्याने, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. प्रश्न मात्र वर्षभर मनातून गेला नाही, कारण तो कार्डापुरता नव्हता.

आधी काम कसं चालतं ते सांगते. ए-फोर आकाराचा जाड कागद मी आडवा मधोमध कापते, म्हणजे दोन कार्डं होतात. बोथट टोकाने रेघ ओढून घडी घातली की कडा फाटत नाही. डाय म्हणजे पातळ पोलादी साचा, एका बाजूने धारदार. तो कागदावर ठेवायचा, वरखाली प्लास्टिकच्या पाट्या लावायच्या आणि हाताने फिरवायच्या छोट्या चरकातून सगळा थर पलीकडे काढायचा. मध्यावर आल्यावर दांडा जड होतो, कर्रकन आवाज येतो आणि पलीकडून पतंग सुटा होऊन निघतो. ठशाचं तंत्र वेगळं. तिथे जोर कामाचा नाही. शाई लावलेला ठसा कागदावर सरळ टेकवायचा, तळहाताने सारखा दाब द्यायचा आणि न हलवता सरळच उचलायचा. केसभर सरकला तरी अक्षराला सावली पडते. बाजारात मिळणारे तयार साचे बहुतेक परदेशी सणांचे, नाताळच्या झाडांचे नाहीतर फुलपाखरांचे. सुगड कुठून मिळणार? म्हणून इथे बेंगळूरमध्ये अ‍ॅव्हेन्यू रोडजवळच्या एका गल्लीतून, कचेऱ्यांचे शिक्के बनवणाऱ्या माणसाकडून मी सुगडाचा आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला'चा रबरी शिक्का करून घेतला. त्याने देवनागरी अक्षरं दोनदा तपासून घेतली आणि माझ्यासमोर कागदावर उमटवून दाखवली.

मल्लेश्वरमला येऊन मला पस्तीस वर्षं झाली. संक्रांतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आठव्या क्रॉसवर उसाच्या मोळ्या, अवरेकाईच्या शेंगांचे ढीग आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. आमच्या शेजारच्या अक्का याच दिवसांत सक्करे अच्चु करतात. लाकडी साच्याचे दोन भाग पाण्यात भिजवून दोऱ्याने बांधायचे, वर साखरेचा कढत पाक ओतायचा आणि निवला की साचा उघडायचा. आतून पांढरीशुभ्र तुळशीवृंदावनं, हत्ती, पोपट निघतात. ते एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे नि डाळव्याच्या मिश्रणाच्या ताटात ठेवून घरोघर वाटतात. कन्नडमध्ये अच्चु म्हणजे साचा आणि अच्चु म्हणजे छपाईही. छापखान्याला अच्चुकूट म्हणतात. एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगलं बोला, हे त्यांचं वाक्यही ठरलेलंच; आपल्या तिळगुळाच्या वाक्याची सख्खी बहीण. अक्कांचे साचे त्यांच्या आजेसासूचे आहेत. त्यातला हत्ती तीन पिढ्या तोच निघतो आहे, आणि "या हत्तीत तुमचं काय?" असं त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग मला अप्पा, म्हणजे माझे वडील, आठवले. आमचं घर देशस्थ माध्वांचं. अप्पा रोज स्नान झालं की तळहातावर गोपीचंदन उगाळून पितळी मुद्रा त्यात बुडवत आणि दंडावर, छातीवर, पोटावर उमटवत. शंख, चक्र, गदा, पद्म, नारायण. उजव्या दंडावर चक्र, डाव्यावर शंख. आषाढी एकादशीला मठात स्वामी होमात तापवलेली मुद्रा दंडावर लावतात, तिला तप्तमुद्रा म्हणतात. इथे बेंगळूरमध्ये माध्व मठांपुढे त्या दिवशी सकाळपासून रांगा लागतात. त्या रांगेत न्यायाधीश असतो, रिक्षावाला असतो, शाळकरी पोर असतं, आणि सगळ्यांच्या दंडावर तेच चक्र उमटतं. आपलं चक्र शेजाऱ्यापेक्षा वेगळं असावं असं कुणालाच वाटत नाही. मुद्रा लावून घेणारा त्या खुणेने मी कुणाचा ते सांगत असतो. आपण छपाईला मुद्रण म्हणतो तो शब्दही या मुद्रेतूनच आला आहे.

पण एवढ्याने दादाचं समाधान झालं नसतं. तो म्हणाला असता, देवाच्या बाबतीत ठीक आहे, देव एकच. तुझी कार्डं तर बत्तीस माणसांना जातात. सगळ्यांना एकच शुभेच्छा दिली तर ती नेमकी कुणाला दिली?

याचं उत्तर मला अप्पांच्याच पूजेत सापडलं. पूजेतलं जवळजवळ सगळंच साच्यातलं असतं. मंत्र ठरलेले, उपचारांचा क्रम ठरलेला, कुणाही यजमानाने म्हटले तरी अक्षर बदलत नाही. एकच जागा मोकळी ठेवलेली आहे, आणि ती अगदी आरंभी: संकल्प. तिथे संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार म्हणायचे, आपण उभे आहोत तो देश सांगायचा आणि मग गोत्र नि नाव. पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आले तेव्हा अप्पा संकल्पाला बसले आणि मध्येच थांबले. गावाच्या नावाशी जिभेवर सोलापूर आलं होतं. क्षणभराने त्यांनी बेंगळूर म्हटलं आणि पुढची पूजा रोजच्यासारखी झाली. मी दारात उभी होते. त्या क्षणभरात ती पूजा माझ्या घरची झाली, असं मला आजही वाटतं. संकल्प सोडून दिला तर मंत्र तेच राहतील, पण ते कुणाचे आणि कशासाठी हे सांगणारं काही उरणार नाही.

त्यानंतर मी माझ्या कामाचा क्रम बदलला. पूर्वी कार्डं तयार करून ठेवायची आणि शेवटी बसून नावं घालायची. आता कोऱ्या कागदाच्या मागे आधी पेन्सिलीने नाव लिहिते, मग शाई उघडते. वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. पण ठसा टेकवताना दाब धरून ठेवायचे ते चारपाच श्वास आता त्या एका माणसाचे असतात. धाकट्या जाऊबाईंचं कार्ड करताना त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची काळजी मनात असते, आतेभावाचं करताना लहानपणी त्याने मला सायकल शिकवली ते आठवतं. नामजपातही नाव तेच असतं, कितव्यांदा म्हटलं याने ते जुनं होत नाही. तसंच हे आहे असं मी मानते.

याच्या उलटही एकदा अनुभवलं. आमच्या वसाहतीतल्या दिवाळीच्या मेळ्यासाठी मी पन्नास कार्डं केली, विकायला. हात बसलेला होता, एकही ठसा सरकला नाही. शेवटी ओळीने मांडून ठेवली तेव्हा ती मला परकी वाटली. कितीतरी दिवस मी समजत होते की विकण्यामुळे तसं झालं. ते चूक होतं. पेणच्या कारखान्यात असो की इथल्या पॉटरी टाऊनमध्ये, गणपतीची मूर्ती साच्यातूनच निघते. ती कोणत्या घरी जाणार हे मूर्तिकाराला ठाऊक नसतं, तरीही तो डोळे आखताना श्वास रोखून धरतो. प्राणप्रतिष्ठा पुढे ज्याच्या घरी व्हायची त्याच्या घरी होते. माझ्या पन्नास कार्डांचंही तेच. घेणाऱ्याने आत नाव लिहिलं असेल तर ती पूर्ण झाली असतील.

हे मान्य केलं की आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मला जड गेली. दुकानातून आणलेलं छापील कार्ड, त्यात कुणी मनापासून नाव आणि दोन ओळी लिहिल्या असतील, तर माझ्या हातच्या कार्डाहून ते कमी नाही. नाताळचं पहिलं व्यापारी भेटकार्ड लंडनमध्ये 1843 साली हेन्री कोलने काढून घेतलं, हॉर्सलीने चित्र काढलेलं. त्याच्या सुमारे हजार प्रती निघाल्या, आणि त्या प्रत्येकीवर वर कुणाला आणि खाली कुणाकडून अशा दोन जागा कोऱ्या ठेवलेल्या होत्या. आमच्या लहानपणी संक्रांतीला येणारी कार्डंही छापीलच, हलव्याची इवलीशी पुडी चिकटवलेली. आई ती खणाच्या पिशवीत जपून ठेवायची. छापलेलं चित्र ती विसरायची, अक्षर कुणाचं होतं ते विसरायची नाही.

मग हाताने कशाला करायची? माझ्यापुरतं उत्तर वेळेचं आहे. एका कार्डाला वीस मिनिटं लागतात, आणि वर्षातून एकदा, एका माणसासाठी, सलग वीस मिनिटं बसायला मला दुसरी कोणतीही सोय सापडलेली नाही. फोनवर ती पाच मिनिटांत संपतात आणि त्यातलीही दोन हवापाण्यावर जातात.

शेवटचा ठसा माझा नसतो. तो पोस्टाचा शिक्का. त्यावर गाव असतं आणि तारीख असते, म्हणजे देश आणि काळ. नाव मी घातलेलं असतं. दादाला हे सगळं मी या वेळी कार्डाच्या आत लिहिलं आहे, म्हणून त्याच्या पाकिटाला जास्त तिकीट लागेल. संक्रांतीआधी पोचायचं तर 5 जानेवारीच्या आत कार्डं टपालात पडायला हवीत. बत्तीसपैकी एकोणीस झाली आहेत.