संशयाचा फायदा कुणाला?

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरला लोक वाघ बघायला येतात. मीही त्यासाठीच जात असे. एका वर्षी जूनच्या सुरुवातीला अभयारण्याबाहेरच्या नाल्याकाठी स्वर्गीय नर्तकाचं घरटं दिसलं आणि वाघ मागे पडला.

बुलबुलाएवढा पक्षी. काळंभोर तुरेवालं डोकं, पांढरं अंग आणि शेपटीत फूटभर लांबीची दोन पिसं. मादी तांबूस, आखूड शेपटीची. कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेल्या वाटीसारख्या घरट्यात अंडी उबवायला नरही बसतो, तेव्हा ती पिसं बाहेर लोंबत राहतात. हा पक्षी कधीकधी मुद्दाम कोतवालाच्या शेजारी घरटं बांधतो, कारण कोतवाल कावळ्या-शिक्र्यांना पिटाळून लावतो. इथेही वरच्या फांदीवर कोतवाल होता. मला त्याने अडवलं नाही.

एक डहाळी फोटोच्या आड येत होती. मी ती सुतळीने बाजूला बांधली, वीसेक फोटो काढले, सुतळी सोडून परतलो. चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं.

साप आला असेल. वादळी पाऊस झाला असेल. घरटी अशीही मोडतात. माझ्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे तर आपण सगळेच जाणतो. मी तो घेऊन टाकला.

पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचनात आला. त्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. माझ्या हातात बंदूक नव्हती, कॅमेरा होता, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. न्यायालयात आरोपीला तो फायदा का देतात? समोर बलाढ्य सरकार आणि तो एकटा, म्हणून. मग नाल्याकाठी एकटं कोण होतं? शिवाय संशय काही घरटं रिकामं झाल्यावर आलेला नव्हता. ती डहाळी म्हणजे घरट्याचा आडोसा, हे बांधतानाही मला दिसत होतं. फायदा द्यायचाच होता, तर तेव्हा द्यायला हवा होता, आणि पक्ष्याला.

आता घरटं दिसलं की मी मागे फिरतो. मित्र म्हणतात, तू एकटा थांबून काय होणार? खरं आहे. पण तेव्हाही मी एकटाच होतो.

फोटो अजून आहेत. त्यांत घरटं अगदी स्वच्छ दिसतं.