ओमाकासे आणि शरणागती

आज गीतेच्या 18व्या अध्यायातला 66वा श्लोक, शरणागतीचा.

वाचताना टोकियोतल्या गिन्झामधलं सुशीचं काउंटर आठवलं. ऑफिसच्या कामाने गेलो होतो. तिथे मेनूकार्डच नाही. ‘ओमाकासे’, म्हणजे तुमच्यावर सोपवलं. आज बाजारात जे उत्तम मिळालं, त्यातून शेफ एकेक सुशी वळून समोर ठेवतो. वासाबी, सोया सॉससुद्धा तोच लावतो. भात अंगाच्या उबेइतका कोमट, म्हणून लगेच खायचं. फोटो काढत बसलात की मजा गेली! (शाकाहारी मंडळी, माशावर अडकू नका.)

पण बुकिंग करतानाच विचारतात, कशाची ॲलर्जी आहे का? सोपवायचं म्हणजे गप्प बसायचं, असं नाहीच. अर्जुनानेही आधी भरपूर प्रश्न विचारले. आणि 63व्या श्लोकात भगवंत स्वतःच म्हणतात, नीट विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. शरण ये, हे त्यानंतर. आपण मात्र ‘तुझी इच्छा’ म्हणतो आणि खाली मेनू लिहून देतो.

गुरुवारी बाबांची बायोप्सी आहे. फाईल, रजा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, सगळं झालंय. आज हरिपाठाला बसेन तेव्हा रिपोर्ट कसा हवा, ते देवाला सांगणार नाहीये.